समोरून कुत्रं येतं तेव्हा

दिवाळी सरली की आमच्या यवतमाळकडच्या रस्त्यांना पांढरी किनार लागते. कापसानं ठासून भरलेल्या गाड्या जिनिंगकडं जातात आणि बाभळीच्या काट्यांना, कुंपणाच्या तारांना, वळणावरच्या रुईच्या झुडपांना कापूस अडकून राहतो. परवा शाळेतून येताना अशीच एक गाडी माझ्या पुढं चालली होती. ढिगावर एक कुत्रं बसलेलं, वाऱ्याकडं तोंड करून, मालकासारखं. रस्त्याकडेची तीन-चार कुत्री भुंकत गाडीमागं धावली. वरचं कुत्रं उठून उभं राहिलं, त्याचे कान पुढं आले, आणि मी स्कूटर एकदम कडेला घेऊन थांबले. मागून येणाऱ्या माणसानं विचारलं, "काय झालं मॅडम, पेट्रोल संपलं काय?"

काहीच झालं नव्हतं. गाडी पुढं गेली, कुत्री कंटाळून परत फिरली. मी मात्र थोडा वेळ तिथंच उभी होते. बोंडअळीच्या वर्षाची ती वेचणी आठवली होती. आमच्या भागात ते वर्ष जो तो आपल्या शेतावरून सांगतो. कोणाची बोंडं फुटलीच नाहीत, कोणी उभ्या पिकात जनावरं सोडली. मी ते वर्ष आमच्या कुत्र्यावरून सांगते.

भुऱ्याला बाबांनी आणलं होतं. बाबा जिनिंगमध्ये काट्यावर कामाला. तिथं सरकीच्या ढिगाच्या उबेला एका कुत्रीनं पिल्लं दिली होती, त्यातलं शेवटचं उरलेलं पिल्लू ते डब्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले. धुळीच्या रंगाचं, म्हणून भुऱ्या. वर्षभर ते साधं, खेळकर कुत्रं होतं. मग एकदा बाबांच्या मागं मागं ते घाटंजीच्या आठवडी बाजारात गेलं. मटणाच्या दुकानांमागं पाच-सहा कुत्र्यांनी त्याला घेरून खाली पाडलं. बाबांनी छत्रीनं झोडपून त्याला सोडवलं, तेव्हा त्याचा उजवा कान फाटून लोंबत होता.

कान भरला. पण त्यानंतर भुऱ्यानं कोणत्याही कुत्र्याला जवळ येऊ दिलं नाही. समोरून कुत्रं आलं की हा आधी दगडासारखा गप्प व्हायचा आणि दुसऱ्या क्षणी गोफणीतून सुटल्यासारखा त्याच्यावर जायचा. माणसांशी मात्र मवाळ. शेजारची लहान मुलं त्याच्या फाटक्या कानातून बोट घालून बघत, तरी तो डोळे मिटून पडलेला असे.

आम्ही त्याला आवरलं नाही, हे मला आता कबूल केलं पाहिजे. बाबा गेल्यावर गावाच्या टोकावरच्या त्या घरात आई आणि मी, दोघीच राहिलो. भुऱ्यानं कोणा कुत्र्याला नाल्यापार पिटाळलं की आईला बरं वाटायचं. "आपल्या दारात चिटपाखरू फिरकत नाई," ती मोठ्यानं सांगायची, रस्त्यानं जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशी. मीही शाळेतल्या सोबतच्या शिक्षिकांना त्याच्या लढायांच्या गोष्टी सांगायचे. त्या गोष्टींत तो नेहमी शूर असायचा. हरलेल्या कुत्र्याचं पुढं काय झालं, हे त्या गोष्टींत नसायचं.

त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, खांद्याइतकी वाढली. बाहेरून बघणारा म्हणाला असता, काय पीक आलं आहे! पण हिरवं बोंड हातात घेऊन उकललं की आत गुलाबी अळी वळवळताना दिसायची. बोंडं अर्धीच उमलत, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, कापूस पिवळा पडलेला. अशा शेतात वेचणीला बाया यायला तयार नसत, कारण मजुरी वजनावर, आणि दिवसभर वाकूनही कमरेची ओटी भरत नाही. आई तीनदा जवळच्या बंजारा तांड्यावर जाऊन आली. तिसऱ्यांदा मी सोबत गेले. मंगलीबाई नावाची पन्नाशीची बाई तिथं बायांची टोळी चालवायची. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिनं आईचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येतो आमी. पन माह्या संग माह्य कुत्रं येते. ते माह्या बिगर राहात नाई. तुमचं लय खुनशी हाये म्हनतात. बांधून ठेवान काय?"

"ठेवतो," मी म्हणाले. "तुम्ही काळजी नका करू, मावशी."

शाळेला दिवाळीची सुट्टी होती. वेचणीच्या पहिल्या दिवशी सकाळी, घरी मागं कोणी राहणार नव्हतं म्हणून, मीच भुऱ्याला सोबत नेलं आणि शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीला बांधलं. साखळी घरी राहिली होती. शेतातल्या खोपटात बैलाचा जुना कासरा होता, तो वापरला. एका ठिकाणी त्याचे पीळ सुटलेले मला दिसले होते. दिवसभराचा तर प्रश्न आहे, असं म्हणून मी तिथून निघाले. आजही ती जागा मला बोटानं दाखवता येईल, गाठीपासून वीतभर अंतरावरची.

आमच्याकडं पहिल्या वेचणीला सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यात पाच दगड मांडून त्यांच्यापुढं दहीभात ठेवायचा आणि मग कापसाला हात लावायचा. आम्ही बौद्ध, आमच्या घरातून हे कधीच सुटलेलं. पण वेचणाऱ्या बायांची ती रीत, आणि आई त्यांच्यासाठी दहीभाताचा डबा दरवर्षी आठवणीनं द्यायची. बायांनी दगड मांडले, भात ठेवला, पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. मंगलीबाईचं कुत्रं, पिंट्या, तिच्या पायाशी बसलं होतं. लालसर, आखूड शेपटीचं, तोंडावर म्हातारपणाचे पांढरे केस. पूजा झाल्यावर बाया ओळींना लागल्या आणि पिंट्या भाताकडं गेला.

कुत्र्यांचं खरं भांडण सुरू होतं तेव्हा भुंकणं ऐकू येत नाही. मला आधी पराटी चरचरा मोडल्याचा आवाज आला. ओळींमधून काहीतरी सरळ रेषेत येत होतं, झाडं हलत होती. मग भुऱ्या बाहेर आला, गळ्यात तुटक्या कासऱ्याचं टोक, आणि पिंट्याच्या मानेवर पडला.

बाया किंचाळल्या. मी "भुऱ्या! भुऱ्या!" म्हणत धावले, पण तो तेव्हा माझा नव्हताच. धुळीत दोन अंगं एक झाली होती. कोणी माती फेकली, कोणी ओटी सोडून फडकं मारलं. मंगलीबाई मात्र सरळ आत गेली. तिनं पिंट्याच्या गळ्यातली दोरी धरायला उजवा हात घातला आणि तिच्या तोंडातून एकच शब्द निघाला, "याडी!" आईला हाक. मी पिण्याच्या पाण्याचा माठ उचलून दोघांच्या तोंडावर रिकामा केला. भुऱ्याची पकड क्षणभर सुटली, मी त्याच्या गळ्यातलं टोक धरलं आणि अंगाचा सगळा भार टाकून त्याला मागं ओढलं.

मंगलीबाई खाली बसली होती. तिनं ओटीतला मूठभर कापूस काढून तळहातावर दाबला होता, आणि तो कापूस बघता बघता लाल होत होता.

एक बाई डब्यातलं तिखट घेऊन आली. "तिखट भरा, इख उतरते." मी तिचा हात धरला. शाळेत मुलांना दरवर्षी सांगत होते, कुत्रं चावलं तर साबण आणि वाहतं पाणी, दुसरं काही नाही. मी ओरडले, "तिखट नाही! मोटर सुरू करा!" आईनं मोटर लावली. पाइपाच्या धारेखाली मी मंगलीबाईचा हात धरून बसले आणि कपड्यांच्या साबणानं पंधरा मिनिटं धुतला. अंगठ्याच्या बाजूला दोन खोल भोकं, आणि पहिल्या बोटाच्या मुळाशी मांस उलटलेलं. वेचणाऱ्या बाईचा उजवा हात!  ती दर थोड्या वेळानं पिंट्याकडं बघत होती. तो धुऱ्याजवळ पडून मान चाटायचा प्रयत्न करत होता, पण जीभ पोचत नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या शेतातली माणसं आली. चौघं, हातात काठ्या, एकाच्या हाती कुऱ्हाडीचा दांडा. भुऱ्याला मी मोटरीच्या खांबाला तारेनं बांधलं होतं. सगळ्यांत वयस्क होते ते म्हणाले, "पिसायलं असन थे. संपवून टाकू, कटकट नाई. मॅडम, तुमी बाजूले व्हा."

मी उठून उभी राहिले. भुऱ्या पोट जमिनीला टेकवून माणसांकडं बघत होता. शेपटीचं टोक हळूच हलवत होता. माणसं त्याला आवडायची.

"कोन्या कुत्र्यानं चावलं वं तुले?" त्यांनी मंगलीबाईला विचारलं.

ती पाण्याखालून हात न काढता म्हणाली, "कोनजाने. दोन तोंडं होते, एक हात होता. माह्याच कुत्र्यानं चावलं असन."

"मंग दोन्ही मारा लागते."

"माह्या पिंट्याले हात लावून पाहा," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "मंग मी बी पाह्यतो."

माणसं घुटमळली. एक जण हसल्यासारखा झाला. काठ्या खाली आल्या.

घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखमेभोवती औषध टोचलं, दंडावर पहिलं इंजेक्शन दिलं आणि पुढच्या तारखांचा कागद माझ्या हाती दिला. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "कुत्री मारली नाहीत ना? मारू नका. दोन्ही बांधून ठेवा आणि दहा दिवस बघा. खाणं-पिणं सोडलं, लाळ गळायला लागली, तर लगेच मला येऊन सांगा. इंजेक्शनं काही झालं तरी चुकवायची नाहीत. पण दहा दिवस कुत्री धडधाकट राहिली, की जिवावरचं टळलं म्हणायचं."

परतताना माझ्या स्कूटरवर मागं बसलेली मंगलीबाई पहिल्यांदा स्वतःहून बोलली. "म्हंजे तुमचं कुत्रं जित्तं राह्यलं, तं मी जित्ती."

त्या दहा दिवसांइतका लांब काळ मी पुन्हा अनुभवला नाही. भुऱ्याला गोठ्यात साखळीनं बांधलं. सकाळी उठून पहिलं काम, त्याच्यापुढं पाण्याचं भांडं ठेवायचं आणि तो जीभ लावतो का ते बघायचं. जिभेचा चटचट आवाज आला की श्वास सोडायचा. मग स्कूटर काढून तांड्यावर जायचं, पिंट्याचंही तसंच बघायचं. मंगलीबाई दारात बसलेली असायची, हात गळ्यात बांधलेला. ती विचारायची, "पेला?" मी म्हणायचे, "पेला. तुमचा?" ती म्हणायची, "पेला." तेवढंच आमचं बोलणं.

आणि मग मी शेतात जायचे, तिच्या ओळींत. टोळीतल्या बाया एकमेकींच्या ओळी ओढून देऊ शकत नव्हत्या, प्रत्येकीचं आपलं पोट होतं. तेव्हा तिच्या वाटचं मी वेचलं आणि तिच्या बोचक्यात घातलं. लहानपणी सुट्टीत वेचलेला कापूस निराळा, तो हाताला लागताच निघून यायचा. त्या वर्षीचा कापूस बोंडाला धरून बसलेला, नखानं उकरावा लागे, आणि बोंडाची वाळकी टोकं नखांच्या मुळाशी घुसत. तिसऱ्या दिवशी माझी बोटं भाकर मोडताना दुखू लागली. मंगलीबाई धुऱ्यावर बसून मला बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "मॅडम, कापसाले भिऊन राह्यल्या काय? अंगठा मांगून घाला." तिनं डावा हात हवेत फिरवून दाखवला. तसा घातल्यावर कापूस खरंच सुटून आला.

पिंट्याच्या मानेला टाके घालायला जनावरांच्या दवाखान्यातले रशीदचाचा आले होते. तिथं पट्टी बांधण्याचं काम करत त्यांचे केस पांढरे झालेले. तांड्यावरून ते आमच्याकडं भुऱ्याला बघायला आले. गोठ्याच्या दाराशी उकिडवे बसून त्याला बघत राहिले. बाहेरून एक कुत्रं जात होतं. भुऱ्या साखळीच्या टोकाला जाऊन उसळला, तोंडाला फेस, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं.

मी म्हणाले, "चाचा, हा आधीपासूनच असा शूर..."

"शूर?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बेटा, शेपटी पाहा त्याची. पाठीमागचे पाय पाहा, कसे कापून राह्यले. हे कुत्रं डरलेलं हाये. यानं एकदा मार खाल्ला, तवापासून हा म्हन्ते, मले मारायच्या आंधी मीच मारतो. आन तुमी लोकायनं शाबासकी दिली."

मला वाईट वाटलं, रागही आला. कारण ते खरं होतं, आणि तिऱ्हाईत माणसाला पाच मिनिटांत दिसलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी भुऱ्यानं पाण्याला तोंड लावलं नाही.

मी भांडं पुढं सरकवलं. त्यानं हुंगलं, मान फिरवली. भाकर कुसकरून टाकली, तिलाही नाही. दुपारपर्यंत त्याच्या तोंडातून लाळेची एक तार लोंबू लागली. आईनं ते पाहिलं आणि घरात जाऊन बसली. मी तांड्यावर कसं जायचं? मंगलीबाई विचारणार, "पेला?" मी गेलेच नाही. आधी दवाखान्यात गेले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इंजेक्शनं वेळेवर चालू आहेत, कुत्र्यावर नजर ठेवा, कोणी जवळ जाऊ नका. मग रशीदचाचांना घेऊन आले. त्यांनीही लांबूनच बघितलं. काठीच्या टोकानं भांडं सरकवलं, टाळी वाजवली, दाराची फळी उघडून उन्हाची तिरीप त्याच्या तोंडावर पाडली. भुऱ्यानं डोळे किलकिले केले आणि थकून खाली बसला.

"काही सांगता येत नाही?" मी विचारलं.

"आज नाई. उद्या सांगन."

मी गोठ्यासमोरच्या ओट्यावर बसून राहिले. तुरीच्या फुलांवर मधमाश्या घोंगावत होत्या, नाल्यापलीकडून वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं. दिवस कलता कलता वाटेवर मंगलीबाई दिसली. पायी आली होती. मी सकाळी न आल्यामुळं तिला जे कळायचं ते कळलं होतं. ती माझ्या शेजारी बसली. भुऱ्याकडं बघत म्हणाली, "सांगाले यायचं होतं नं. माहाच जीव हाये थो."

मला रडू फुटलं. ती समजूत घालत बसली नाही. अंधार पडेपर्यंत बसली आणि उठून गेली.

सकाळी उजाडता उजाडता मी भांड्यात पाणी बदललं. भुऱ्या आला, तोंड वाकडं केलं, आणि डाव्या बाजूनं, अगदी बेतानं, पाणी पिऊ लागला. चट, चट, चट. मी स्कूटर काढली आणि तांड्यापर्यंत न थांबता गेले. मंगलीबाई दारात उभीच होती. मी लांबूनच ओरडले, "पेला!" पुढं अकराव्या दिवशी रशीदचाचांनी त्याचं तोंड उघडून बघितलं, तेव्हा उजवीकडची दाढ अर्धी तुटलेली होती आणि हिरडी सुजली होती. भांडणातच तुटली असणार.

चौदाव्या दिवसाच्या इंजेक्शनाहून परतताना मंगलीबाई मागून म्हणाली, "तुमच्याच कुत्र्यानं चावलं वं मले. मी पाह्यलं होतं."

मी स्कूटर थांबवली. "मग त्या दिवशी खोटं का सांगितलं?"

ती उतरली नाही. रस्त्याकडं बघत होती. "मानसं काठ्या घेऊन आले का मी पह्यले खोटं बोलतो, मंग इचार करतो. आमच्या तांड्यावर लहानपनी असेच येत. कुठी बी चोरी झाली का काठ्या घेऊन येत. तवा कोनी नाई इचारलं का, कोनं केलं म्हनून." मग म्हणाली, "चला. ऊन तापून राह्यलं."

या बाईचं मी काय देणं लागते हे मला तिथं कळलं. भुऱ्याला नुसतं बांधून ठेवणं पुरेसं नव्हतं. त्या दिवशी बांधलेलाच तर होता.

रशीदचाचांनी जुन्या चामड्याच्या पट्ट्यांचं मुसकं करून दिलं. डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या वेळी बैलांच्या तोंडाला बांधतात तसं, पण कुत्र्याच्या मापाचं, आत जीभ काढून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल एवढं सैल. पहिले चार दिवस ते बांधायचं नाही, फक्त त्यातून अंड्याचे तुकडे खाऊ घालायचे. पाचव्या दिवशी भुऱ्या स्वतःच त्यात तोंड घालू लागला. मग गळ्याऐवजी छातीला पट्टा. आणि मग चाचांनी सांगितलेली खरी गोष्ट: "त्याले दुसरं कुत्रं दिसलं पायजे, पन इतक्या दूरून का त्याचं डोकं ठिकान्यावर राहीन. तठी उभं राहून चारायचं. त्याचं तोंड मिटलं, सास अडकला, का वळून जायचं. दोर ताणू नका. दोर ताणला का त्याले वाटते, लढाई आली."

पण दुसरं कुत्रं आणायचं कुठून? मंगलीबाई म्हणाली, "पिंट्या हाये नं."

अशी आमची शाळा सुरू झाली, शाळेची सुट्टी संपल्यावर रोज सकाळी तासभर. सोयाबीन काढून रिकाम्या झालेल्या शेतपट्ट्याच्या एका टोकाला मंगलीबाई पिंट्याला घेऊन बसायची, दुसऱ्या टोकाला मी आणि भुऱ्या. पहिल्या दिवशी शंभर पावलांवरूनही तो उसळला. दीडशे पावलांवर त्यानं पिंट्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या अंड्याकडं पाहिलं, पुन्हा पिंट्याकडं. अंडं खाल्लं. बस्स, त्या दिवसापुरतं एवढंच. आठवड्यानं एकशेवीस, मग नव्वद. मी त्याला वाचायला शिकत होते. कान पुढं, शेपटी ताठ, आणि मग ते उघडं तोंड हळूच मिटणं. त्या मिटण्याच्या आणि उसळण्याच्या मध्ये दोन श्वासांची जागा असायची. माझं सगळं लक्ष त्या जागेवर. परीक्षेच्या हॉलमध्ये मुलांवर ठेवतो त्याहून कडक.

साठ पावलांवर असताना एकदा तुरीतून अचानक एक तिसरंच कुत्रं बाहेर आलं, आमच्यापासून दहा हातांवर. भुऱ्या उसळला. मुसक्यामुळं चावता आलं नाही, पण तो वेड्यासारखा ओढत राहिला, दोरानं माझा तळहात सोलला, मी आपटले. उठले आणि हातातल्या दोराच्या टोकानं त्याला मारलं. एकदा, दोनदा. तो ओरडला नाही. जमिनीला चिकटून माझ्याकडं बघत राहिला, परवापर्यंत कुत्र्यांकडं बघायचा तसा.

मंगलीबाई धुऱ्यावरून आली. तिनं माझ्या हातातून दोर घेतला नाही. पिंट्याला घेऊन तशीच तांड्याकडं चालू लागली. दुसऱ्या दिवशी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. "आज पुन्हा दीडशे," एवढंच म्हणाली. मी मारलेल्या दोन फटक्यांनी आमचे पंधरा दिवस गेले.

पुढं काय झालं ते सरळ सांगते. भुऱ्या आणि पिंट्या दोस्त झाले नाहीत. भुऱ्या पुढं सहा वर्षं जगला, आणि त्या सहा वर्षांत मी त्याला एकदाही मोकळा सोडला नाही. गावात नेताना मुसकं, सोबत सुकटीची पुडी, वळणावर आधी मी डोकावायचे आणि मग तो. लोक हसायचे. "मॅडम कुत्र्याले घेऊन जातात का कुत्रं मॅडमले?" मंगलीबाईचं पहिलं बोट शेवटपर्यंत पूर्ण वाकलं नाही. पुढच्या वर्षी ती तीनच बोटांनी वेचायला शिकली, टोळीत पहिली राहिली नाही, पण टोळी तिचीच राहिली. बोंडअळीचं ते पीक लोकांनी पौषात उपटून टाकलं. शेतं महिन्याभरात उघडी पडली.

त्या उघड्या शेतांमधली एक सकाळ मला लख्ख आठवते. मी भुऱ्याला घेऊन नाल्यावरच्या अरुंद पुलावर होते. पूल एका बैलगाडीपुरता. मध्यावर पोचले आणि समोरून मंगलीबाई आली, डोक्यावर वाळक्या पराट्यांचा भला मोठा भारा, आणि तिच्या पुढं पिंट्या, मोकळा. तोवर आमची मजल वीस पावलांपर्यंत आली होती, तीही ठरवून, मोकळ्या रानात. मी वळून बघितलं, मागून एक बैलगाडी पुलावर चढली होती. गाडीवानाला थांबता येण्यासारखं नव्हतं. मंगलीबाईला भाऱ्यासकट वळता येत नव्हतं. खिशात हात घातला, पुडी घरी राहिली होती.

पंधरा पावलं. दहा. भुऱ्याचे कान पुढं आले. पिंट्या कठड्याच्या बाजूला सरकून चालत राहिला, म्हातारा, आपल्याच नादात. सहा पावलं. भुऱ्याचं तोंड मिटलं. मी दोर सैल ठेवायचा एवढंच स्वतःला बजावत होते आणि पायांखालून पाणी वाहताना ऐकत होते. आता, आता, असं म्हणत मी डोळे मिटून घेतले असावेत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज अगदी पाठीशी आला.

मग समोरून मंगलीबाईचा आवाज आला, भाऱ्याखालून दबलेला.

"अवं मॅडम, भुऱ्या तं पिंट्याच्या बाजूनं गेला नं पुढं. तुमीच थांबल्या."